आपल्याच गावचा डोंगर

गणपत राऊळ आयुष्यात कधी विमानात बसला नव्हता, पण कातळवली गावात विमान या विषयावर त्याचा शब्द शेवटचा असे. मुलगी विमान चालवते म्हटल्यावर बापाला तेवढा अधिकार आपोआप येतो. वर गेल्यावर कानांना दडे का बसतात, ढगात शिरल्यावर विमान का हलतं, या सगळ्याची उत्तरं तो देवळाच्या पायरीवर बसून देई. उत्तर ठाऊक नसलं की म्हणे, "ता तुमका नाय कळाचा." लोकांना हे पटे, कारण त्यांना खरोखरच कळत नसे.

स्वतः गणपत एसटीत ड्रायव्हर होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्याची कीर्ती अजून आंबोली घाटातच फिरत होती. हात पुढे केला तर बोटं दिसू नयेत अशा धुक्यातही गणपतने गाडी कधी थांबवली नाही, ही कथा गावातल्या प्रत्येक बारशाला आणि बाराव्याला सांगितली जाई. त्या धुक्यात गाडीच्या पुढे पांढरा टॉवेल हलवत चालणारा कंडक्टर लवू धुरी मात्र कथेतून केव्हाच उतरला होता. लवू याच गावचा, अजून धडधाकट. पण कथेत दोन माणसं आली की शौर्याचे वाटे पडतात, म्हणून गावाने त्याला गाळलं, आणि गणपतनेही कुणाला आठवण करून दिली नाही. एका सकाळी लवू तापाने घरी असताना गाडीचं पुढचं चाक घाटाच्या कठड्यावर चढलं होतं चाकाखाली नुसतं पांढरं धुकं होतं आणि मागचे प्रवासी पेंगत होते, ही गोष्टही त्याने फक्त लवूला सांगितली होती. ती बारशाला सांगण्यासारखी नव्हती.

विमानतळ सड्यावर, म्हणजे गावाच्या डोक्यावरच्या काळ्या कातळाच्या माळावर. मावळतीला समुद्र आणि उगवतीला राखणदाराचा डोंगर. राखणदार म्हणजे गावाच्या शिवेवर पहारा देणारा देव. त्याला वर्षातून एकदा कोंबडा आणि अधूनमधून विडी लागते, बाकी त्याचं काही मागणं नसतं. विमानतळ बांधताना साहेब लोकांनी विचारलं होतं, डोंगराचा माथा थोडा उतरवू या का? गाव म्हणालं, देवाचं डोकं छाटून आम्हाला विमान नको. सरकारलाही खर्च नकोच होता, त्यामुळे धर्म टिकला आणि डोंगरही.

पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो. विमानाला वाऱ्याकडे तोंड करून उतरावं लागतं, म्हणजे यायचं ते डोंगराच्या बगलेतूनच. त्यात समुद्राकडचे ढग येऊन सड्यावर बसतात, म्हशी पाण्यात बसतात तसे. उठवल्याशिवाय उठत नाहीत, आणि त्यांना उठवणारा अजून जन्माला यायचा आहे.

बंद पडलेली विमानसेवा चतुर्थीच्या आधी पुन्हा सुरू व्हायची होती, आणि पहिलं विमान घेऊन येणार होती गावची लेक, कॅप्टन तेजस्वी राऊळ. विमानसेवा बचाव समितीचा अध्यक्ष गुरुप्रसाद सावंत याने फलकावर तेजस्वीचा फोटो छापला, आणि त्याच्या दुप्पट आकाराचा आपला. त्या दिवशी सगळं गाव विमानतळाच्या कुंपणाबाहेर जमलं. ढोल होता, हार होते, परातभर शिरा होता. ढगही होता. तो इतका खाली होता की कुंपणाच्या आत काय चाललंय ते कुंपणाबाहेरून दिसत नव्हतं.

गुरवाने नारळ हातात धरून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी लेक आभाळातसून तुझ्या पायाकडे येता हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजलं.

"तिच्या वाटेतलो ढगवारो बाजूक कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि डोंगरावरच्या राखणदारा, तुझ्या मुलखातला लेकरू आसा, तेचो हात धरून तेका खाली हाड, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज गणपतचा होता.

थोड्या वेळाने विमानाचा आवाज आला. डोंगराकडून आला, वाढला, अगदी डोक्यावर आला, आणि मग एकदम चढा होऊन समुद्राकडे निघून गेला. ढोलवाल्याची टिपरी वर उचललेली ती वरच राहिली.

"फिरान येतली," गुरुप्रसाद म्हणाला.

ती फिरून आली. पुन्हा तसाच आवाज जवळ आला, बायांनी हात जोडले, आणि पुन्हा तो चढून निघून गेला. या वेळी मात्र परत आला नाही. बऱ्याच वेळाने गुरुप्रसादचा फोन वाजला. विमान गोव्याला उतरलं होतं. विमानात बसलेल्या पुढाऱ्यांना आणि चाकरमान्यांना आता बसने आणणार होते. पुढारी गोव्याहूनच परत फिरले. चाकरमानी आले ते दिवेलागणीला, कंबर धरून आणि शिव्या देत. एक सोडून सगळे जिवंत पोचले होते आणि तो एकही जिवंतच होता, वाटेत बांद्याला मावशीकडे उतरला होता. पण जिवंत पोचल्याबद्दल कुणी हार घालत नाही. शिरा शेवटी गावच्या कुत्र्यांनी संपवला.

तेजस्वीची चतुर्थीपर्यंत रजा होती, ती त्याच संध्याकाळी घरी आली. तिच्या आईने, तुळसाने, तिला आधी जेवायला वाढलं. गणपत समोर बसून राहिला. शेवटी त्याला राहवलं नाही.

"काय झाला गो नेमका?"

"काय होतला? पट्टी दिसाक नाय." ती भात कालवत म्हणाली. "खाली येवची एक उंची ठरलेली असता, बाबानू. थंयसर येयपर्यंत पट्टी दिसली तर उतराचा, नाय दिसली तर वयर जावचा. तिसरा काय नाय."

"वायच थांबान बघलं असतंस तर?"

"थांबूक ती काय एसटी आसा?"

तुळसाला हसू आलं. गणपतला आलं नाही.

"पण डोंगर खंय आसा ता तुका म्हायत नाय? काजी वेचूक जायस ना गो थंय?"

"म्हायत आसा म्हणानच भिती," तेजस्वी म्हणाली. "भायल्या डोंगराक माणूस लांबसून वळसो घालता. वळखीच्या डोंगराक म्हणता, हयसरच खंय तरी असतलो. आणि तो हयसरच असता." मग म्हणाली, "ह्या मी तुमच्या घाटाच्या गजालींतच शिकलंय."

"माझ्या?"

"कठड्याची गजाल लवूकाकान सांगितलेली माका. तुमी सांगूक नाय."

गणपतने ताटलीतला पापड मोडला आणि खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी देवळात गाव बसलं. आभाळ असं लख्ख होतं की देवळाच्या दारातून राखणदाराच्या डोंगरावरचं झाडन् झाड मोजता यावं. गुरुप्रसाद उठला. त्याचा आवाज दुखावलेल्या माणसाचा होता. पुढाऱ्यांबरोबरचा त्याचा फोटो हुकला होता.

"भायलो डायवर परत गेलो असतो तर आमी एक शबुद बोललो नसतो. तेका आमचो राखणदार काय म्हायत? पण ह्या आपला चेडू, गावची लेक! आपल्याच डोंगराक भियाला? गावान गाऱ्हाना घातल्यान, सगळ्यांनी व्हय म्हटलां. आता दोनच गोष्टी. एक तर राखणदार कमी पडलो, नायतर चेडू कमी पडला. राखणदार कमी पडलो म्हणणाऱ्यान हात वयर करूचो."

सगळ्यांनी एकदा दारातून डोंगराकडे पाहिलं. हात कुणीच वर केला नाही. लोकशाहीचा निकाल इतका स्वच्छ क्वचितच लागतो.

गुरव म्हणाला की राखणदारावर विश्वास न ठेवल्याबद्दल चुकीचा नारळ ठेवावा लागेल. मुलगी सासरी गेलेली नाही, तेव्हा ठेवायचा तो बापाने. म्हणजे गणपतने सगळ्या गावासमोर म्हणायचं, माझ्या लेकीकडून चूक झाली.

खांबाआड बायकांत तुळसा उभी होती आणि तिच्या शेजारी तेजस्वी. तुळसा तिथूनच म्हणाली, "गाडीभर माणसा जिती ठेवल्यान, तेचो नारळ चुकीचो काय ओ?"

"काकीनू, देवळात बायकांनी बोलूचा नाय," गुरुप्रसाद म्हणाला, आणि गणपतकडे वळून त्याने आवाज मऊ केला. "काकानू, तुमका आमच्यापरास जास्त वायट वाटत असतला. तुमी काय कमी धुक्यात गाडी हाकलास? कधी थांबलास? कधी परत फिरवलास? बापाचा रगात चेडवाक लागूक नाय, तेका तुमी तरी काय करतलास?"

माना डोलल्या. आंबोली घाट देवळात येऊन बसला.

गणपतला दिसलं की आपल्यापुढे वाटा दोन आहेत. नारळ ठेवला तर काहीच सांगावं लागत नाही. लेक बरोबर होती असं म्हणायचं, तर आधी कठड्यावर चढलेलं चाक सांगावं लागेल. ते सांगितलं की घाट गेला, बारसं गेलं, देवळाची पायरी गेली. उरणार एक म्हातारा, जो नशिबाने वाचला होता आणि ज्याने गाडीभर माणसांनाही तसंच नशिबावर वाचवलं होतं.

"गणपत," कोपऱ्यातून लवू धुरी म्हणाला, "सांग मरे. घाटातला सांग."

"व्हय, सांगा, सांगा!" गाव खुशीत आलं. त्यांना वाटलं शौर्यकथा येतेय.

गणपत उठला. लवूकडे पाहिलं नाही, खांबाकडेही नाही. त्याने गुरवाच्या हातातला नारळ घेतला आणि देवापुढे ठेवला.

"लेकराकडसून चूक झाली, ती पोटात घाल, म्हाराजा!" गुरव म्हणाला.

"व्हय म्हाराजा!"

गणपतच्या तोंडूनही ते आलं. जन्मभराची सवय, गाऱ्हाण्यात तोंड आधी उघडतं आणि डोकं मागून येतं.

घरी आल्यावर तेजस्वीने बॅग भरली. चतुर्थी तोंडावर होती, माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळापानांचं सामान ओटीवर पसरलेलं होतं. तुळसाने करंज्यांचा डबा बॅगेत कोंबला. "येतंय गो आये," म्हणून तेजस्वी निघाली. ओटीवर गणपत बसला होता. त्याच्या पाया पडली, रीतीप्रमाणे, आणि पायऱ्या उतरून गेली.

महिनाभरात कळलं की तिने स्वतःच अर्ज करून दुसरा मार्ग मागून घेतला. तिकडे उत्तरेला. तिथले डोंगर आपल्या डोंगराला खिशात घालतील असे, पण ते तिच्या गावचे नव्हते, त्यामुळे त्यांना चुकवलं तर कुणाचा अपमान होत नव्हता. गुरुप्रसादने गावात सांगितलं, "मी वयर सांगान बदलून घेतलंय."

नवा कॅप्टन आला तो समितीच्या मनासारखा. ढग असो, पाऊस असो, विमान यायचंच. एकदा तर देवळाची कौलं थरथरली. लोक खूश होऊन बाहेर आले, वर दिसलं काहीच नाही, पण आवाज अगदी आपुलकीने जवळून गेला. गणपतला तो आवाज आवडला नाही. मात्र विमानाविषयी त्याला हल्ली कुणी विचारत नसे, त्यामुळे त्याने सांगितलंही नाही.

दसऱ्यानंतर समितीने ठरवलं की गावाच्या मानकऱ्यांना एकदा विमानातून आणायचं. गणपतचं नाव पहिलं होतं. "काकानी गावाचो शबुद राखल्यानी," गुरुप्रसाद म्हणाला. कुडाळहून रेल्वेने मुंबईला नेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गणपत राऊळ नवा सदरा घालून खिडकीशी बसला. शेजारी गुरुप्रसाद. परतीच्या पावसाचे दिवस होते.

वरून सगळं सुंदर होतं. मग विमान खाली यायला लागलं आणि खिडकी पांढरी झाली.

ते पांढरं गणपतला ओळखीचं होतं. कठड्यावर चाक चढलं तेव्हा काचेपुढे हेच होतं. त्याचे पाय आपोआप ब्रेक शोधू लागले. पुढच्या सीटच्या खाली त्याने दोन्ही पाय रोवले आणि कान लावले. तेजस्वी म्हणाली होती, उंची ठरलेली असता. म्हणजे आता ती उंची येईल, पट्टी दिसत नाही म्हणून आवाज चढा होईल, विमान वर जाईल. खाली गाव उभं असेल, हार घेऊन. जाऊ दे. शिरा कुत्र्यांना जाऊ दे. फिरव रे बाबा, परत फिरव. गोव्याला ने, बेळगावला ने, परत मुंबईला ने. आयुष्यात त्याने इतक्या मनापासून काही मागितलं नव्हतं, आणि या मागण्याला व्हय म्हणायला शेजारी कुणी नव्हतं. गुरुप्रसादने डोळे मिटून घेतले होते.

आवाज चढला नाही. विमान उतरतच राहिलं.

ढगाला क्षणभर भोक पडलं, आणि गणपतला खिडकीबाहेर ऐनाचं झाड दिसलं. खाली नाही, बाहेर. त्याच्या डोळ्यांच्या रेषेत. झाडाखाली राखणदाराचा शेंदूर फासलेला दगड होता, दगडापुढे कुणीतरी ठेवलेलं विडीचं बंडल होतं. देवाचं इतक्या जवळून दर्शन त्याला पायी जाऊनही कधी झालं नव्हतं. मग पुन्हा पांढरं, आणि मग धाडकन चाकं टेकली.

विमानात टाळ्या पडल्या. गुरुप्रसादने डोळे उघडले आणि सगळ्यात जास्त वाजवल्या.

"बघलास, काकानू? ह्येका म्हणतत डायवर!"

दारात कॅप्टन हसतमुखाने उभा होता. गणपतने त्याला ऑफिसातल्या मराठीत विचारलं, "साहेब, धावपट्टी दिसत होती का?"

"काका, रोजचा रस्ता आहे," कॅप्टन त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "अंदाज असतो आम्हाला."

बाहेर मांडव होता, माइक होता. गणपतच्या गळ्यात हार पडला आणि गुरुप्रसादने जाहीर केलं की आता मानकरी दोन शब्द बोलतील. गणपतने माइक धरला तो बोलण्यासाठी नव्हे, आधारासाठी.

"माझा चेडू बरोबर होता," तो म्हणाला.

मांडवातल्या माना वर झाल्या.

"आज आमी सगळे मरतलो होतो. डोंगर हयसर होतो, हयसर." त्याने आपल्या कानाशी हात नेला. "माझ्या चेडवान विमान परत नेल्यान ता बरोबर केल्यान. मीच घाटात चुकलंय. कठड्यार चाक चढलेला माझा. देवळात सांगूक होया होता, ता मी सांगूक नाय."

मग गुरुप्रसाद मोठ्याने हसला आणि त्याने माइक काढून घेतला.

"काका गाडयेचे माणूस! विमान लागला तेंका! अरे, लिंबू हाडा कोणतरी!"

मांडव हसला. प्रेमाने हसला, म्हाताऱ्या माणसाला हसावं तसं. कुणी लिंबू आणलं, कुणी सोलकढी. दोन बायांनी त्याला पदराने वारा घातला. लिंबू त्याच्या हातात द्यायला आला तो लवू.

"नारळ ठेयलंस तेव्हा वाचा गेलेली," लवू हळूच म्हणाला, "आणि आता स्वतःचो जीव गेलो म्हटल्यार कंठ फुटलो तुका."

संध्याकाळी गणपतने तेजस्वीला फोन लावला. गेल्यापासून ती आईशीच बोलत असे. या वेळी तिने उचलला.

"बाय गो, आज मी सगळ्यांसमोर सांगितलंय. माइकार. तू बरोबर होतंस म्हणान."

"खरा?" ती म्हणाली.

"देवाशपथ. चाकाचा पण सांगितलंय."

"बाबानू..." तिचा आवाज ओला झाला होता. "बरा केलास ओ. कसा काय सांगितलास?"

मग त्याने सगळं सांगितलं. पांढरी खिडकी, ऐनाचं झाड, विडीचं बंडल. सांगता सांगता तिचे हुंकार थांबले.

"झाड वयर होता काय खाली?"

"समोर. माझ्या डोळ्यांसमोर."

"आणि तो काय म्हणालो?"

"अंदाज असता म्हणालो."

"बाबानू, ह्या लिवन देवक होया. तुमी बघलास ना? तुमी लिवन द्या, फुडचा मी बघतंय. नायतर एक दिवस तो डोंगरार घालतलो. रोज माणसा बसतत ती."

गणपतने ओटीवरून बाहेर पाहिलं. समितीच्या माणसांनी त्याला घरी सोडताना हार गळ्यात तसाच ठेवला होता, आणि वाटेत तिघांनी विचारलं होतं, आता बरं वाटतंय ना?

"लिवन?" तो म्हणाला. "म्हणजे विमान बंद करतले मगो?"

"त्याका बंद करतले. विमान दुसरो कोणतरी आणतलो."

"आणि तो परत फिरवीत बसलो की लोक म्हणतले, ह्या गणपतान केला. तसा नाय गो, पण हयसर ऱ्हवचा आसा आमका. तुझ्या आवशीक वाण्याकडे जावचा असता. वायच थांबूया. पावस सरलो की ढग पण जातले."

गणपतला वाटलं, फोन कटला.

"बाय? आसंस मगो?"

"आहे ना, बाबा," ती म्हणाली. "ठीक आहे. तुमची अडचण मी समजू शकते."

"तसा नाय गो, दिवाळीक तू ये, मगे बसान बोलाया..."

"रजेचं बघून कळवते. आईला नमस्कार सांगा. तुम्हीही तब्येतीला जपा. बरंय, ठेवते."

अशी मराठी ती ओरोसला कलेक्टर कचेरीत दाखला आणायला जाताना बोलत असे, खिडकीच्या पलीकडच्या माणसाशी. तुळसा स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"काय म्हणाला चेडू?"

"बरा आसा म्हणाला," गणपत म्हणाला. "नमस्कार सांगितल्यान तुका."

"नमस्कार?" तुळसा म्हणाली, आणि दारातच उभी राहिली.